चौदा कार्डं

मिस्त्रीनं आयुष्यभर गावाची भोकं बुजवली होती. बादल्या, डबे, पन्हळी, कोंबड्यांना पाणी पाजायची पत्र्याची पसरट भांडी, गावात गळणारं जे काही असेल ते त्याच्या दारात यायचं आणि न गळता परत जायचं. मग प्लास्टिक आलं. प्लास्टिकची बादली फुटली की लोक फेकून देतात, तिला डाख लावायला कोणी आणत नाही. मिस्त्रीची भट्टी विझली ती विझलीच. दुकान मोडायचं मात्र त्याच्या जिवावर आलं, आणि लोकही त्याला मिस्त्रीच म्हणत राहिले.

त्या दुकानात आता लेकीचं टेबल होतं. लेक एकुलती एक. शहरातल्या कारखान्यात आठ वर्षं ती विजेच्या यंत्रांची कार्डं जोडायच्या लाइनीवर उभी होती. कारखाना बंद पडला तशी एक पिशवी, एक सोल्डरिंग आयर्न आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन घरी आली. आठ वर्षांत मिस्त्रीनं तिला आठ वेळाही धड पाहिलं नव्हतं. ती आली त्याच दिवशी त्यानं विझलेल्या भट्टीवर फळ्या ठोकून तिला टेबल करून दिलं, आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या प्रत्येकाला काही ना काही निमित्तानं सांगून आला की पोरगी आता इथेच राहणार आहे.

गावात दर तिसऱ्या घरात अंडी उबवायची लाकडी पेटी होती. उबवणी केंद्र पेटी द्यायचं, अंडी द्यायचं आणि एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन जायचं. प्रत्येक पेटीच्या कुशीला एक कार्ड, आणि कार्डावर काडेपेटीएवढा निळा ठोकळा, त्याला रिले म्हणतात. पेटी गार झाली की तो टक करून आतले बल्ब पेटवतो, गरम झाली की टक करून विझवतो. एकवीस दिवस हे टकटक नीट चाललं तर पिल्लं, नाहीतर खड्डा खणून पुरायची अंडी. मागच्या हंगामात रिले झिजले होते, आणि ते बदलायला चाळीस कार्डं आणि चाळीस नवे रिले घेऊन केंद्राचा चिटणीस स्वतः दुकानात आला.

"पहिली खेप नीट पार पाड," चिटणीस म्हणाला, "की केंद्रातली मागची खोली तुझी. दुरुस्तीचं काम कायमचं तुझ्याकडे. पण हात तुझाच लागला पाहिजे. कोणाकोणाला शिकाऊ म्हणून बसवायचं नाही."

"माझाच लागेल," ती म्हणाली.

तो गेल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, हे जमलं तर मी राहते. नाही जमलं तर जाते. मैत्रिणीनं बोलावलंय, समुद्रापलीकडे. तीन वर्षांचा करार असतो, मध्ये सोडत नाहीत."

"न जमायला काय झालं?" मिस्त्री म्हणाला. मग त्यानं आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं.

धुक्याचे दिवस होते. दुपारपर्यंत समोरचं शेत दिसायचं नाही, वाळत घातलेले कपडे दोन दोन दिवस ओलेच राहायचे. मिस्त्रीची बायको सकाळी केंद्रात जायची ती अंधार पडता पडता यायची. तिथे ती अंडी पुसायची, ट्रे धुवायची. दिवसभर दुकानात बाप आणि लेक दोघंच.

पहिल्या दिवशी तो नुसता बघत बसला. बघता बघता त्याची जीभ वळवळायला लागली.

"आधी नवीन सोल्डर लावायचं," ती म्हणाली.

"काढायचंय ना?"

"काढायचंय म्हणूनच लावायचं. जुनं सोल्डर मेलेलं असतं, एकटं वितळत नाही. ताजं मिसळलं की दोन्ही मिळून पाणी होतात. मग ओढायचं."

"म्हणजे म्हाताऱ्याला उठवायला नातू लागतो."

ती हसली. तिनं आयर्नचं टोक रिलेच्या पायाला टेकवलं, थेंब चमकला, आणि दुसऱ्या हातातली पिचकारी थेंबाला लावून चाप सोडला. फट् झालं आणि थेंब पिचकारीत गेला. पाय सुटा. उरलेलं सोल्डर तिनं तांब्याच्या विणलेल्या वातीनं टिपून घेतलं, सांडलेलं दूध फडक्यानं टिपावं तसं.

"तीन मोजायचे, बाबा. तिनाच्या पुढे आयर्न टेकून राहिला तर खालची तांब्याची पट्टी सुटते. पट्टी सुटली की कार्ड गेलं."

"आमच्यात तापवू तितकं चांगलं."

"तुमच्यात बादली असते."

पाचव्या कार्डापासून पिचकारी त्याच्याकडे आली. ती तापवायची, तो ओढायचा. त्याच्या बोटांना घट्टे होते, अंगठ्याचं नख अर्धं काळं होतं, पण फट् बरोबर वेळेवर व्हायचं. नवा रिले ती स्वतः बसवायची. स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ ब्रशनं लावायची, मग डाख. डाख हा मिस्त्रीचा शब्द. ती सोल्डर म्हणायची. राळेचा धूर घरभर व्हायचा आणि मिस्त्री मुद्दाम खोकायचा.

"एवढा धूर आणि थेंब मात्र मुंगीच्या डोळ्याएवढा."

"तुम्ही ती बरणी इथून हलवा आधी," ती म्हणाली.

टेबलाच्या कोपऱ्यात मिस्त्रीची काचेची बरणी होती. तेजाबात जस्ताचे तुकडे टाकायचे, फसफसणं थांबलं की ते पाणी तयार. कोंबडीच्या पिसानं ते पत्र्यावर फिरवायचं, मग डाख असा पळतो की बघत राहावं. चाळीस वर्षांत त्यानं ती बरणी कधी रिकामी होऊ दिली नव्हती. भट्टी विझल्यावरही नाही.

"ते बादलीला ठीक आहे. कार्डाला लागलं तर तांबं खातं. या टेबलावर राळेशिवाय काही नको."

मिस्त्रीनं बरणी उचलली आणि खालच्या फळीवर ठेवली. चाळीस वर्षं त्या पाण्यानं कुठलं तांबं खाल्लं होतं, असं त्याच्या ओठावर आलं होतं. पण पोरगी घरात होती, हसत होती, आणि तेवढ्यासाठी बरणी खाली ठेवायला त्याची हरकत नव्हती.

सव्वीस कार्डं झाली आणि ती आजारी पडली. सकाळी उठली तर दात वाजत होते. दुपारी अंग असं तापलं की मिस्त्रीनं हात लावून काढून घेतला. चार दिवसांवर अंडी भरायची होती. ती अंथरुणातून म्हणाली, "उद्या उठते मी." दुसऱ्या दिवशी ती उठून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच बसली. बापानं तिला धरून आत नेलं.

"चिटणीसाला सांगू का, दोन दिवस थांब म्हणून?"

"नको. तो शहरात पाठवेल."

मिस्त्री दुकानात येऊन बसला. चौदा कार्डं, चौदा रिले. आयर्न कसा तापवायचा हे त्याला माहीत होतं. तीन मोजायचे हे माहीत होतं. जुने रिले त्यानं काढले, एकही पट्टी सुटली नाही. इथवर सगळं ठीक. नवा रिले बसवला, राळ लावली, डाख टेकवला, तर थेंब गोळी होऊन घरंगळला. ही चौदा कार्डं सगळ्यात जुनी होती, तांबं काळं पडलेलं. लेकीनं ती शेवटी ठेवली होती, ती खरडून घ्यायची म्हणून. हे त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पुन्हा राळ लावली. धूर झाला, थेंब घरंगळला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. आतून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं.

मिस्त्रीनं खालच्या फळीवरची बरणी काढली.

एकच थेंब, पिसाच्या टोकानं. आयर्न टेकवला तर चर्र झालं, नाकाला ओळखीचा तिखट वास आला, आणि डाख असा पळाला की त्याचा त्यालाच आनंद मावेना. गोल, गुळगुळीत, आरशासारखा. त्यानं ओल्या फडक्यानं कार्ड पुसलं, मग कोरड्यानं पुसलं. राळेचा पिवळा चिकटा नाही, डाग नाही. दोन दिवसांत चौदा कार्डं झाली, आणि त्या दोन दिवसांत मिस्त्री दहा वर्षांनी तरुण झाला. बरणी त्यानं पुन्हा खालच्या फळीवर ठेवली, थोडी मागे सरकवून.

तिसऱ्या दिवशी ती उठली. पांढरीफटक, भिंतीला धरून. तिनं एकेक कार्ड बल्बाला जोडून पाहिलं. टक, बल्ब लागला. टक, विझला. चौदाच्या चौदा.

"हे तुम्ही केलंत?"

"नाहीतर कोण? तुझी आई?"

तिनं एक कार्ड उजेडाकडे धरून टाके पाहिले. "माझ्यापेक्षा स्वच्छ आहेत, बाबा." मग म्हणाली, "राळ पुरली?"

इथे मिस्त्रीनं खरं सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर अर्ध्या दिवसात धुऊन घासून निभावलं असतं. पण माझ्यापेक्षा स्वच्छ, हे शब्द नुकतेच कानात गेले होते आणि मिस्त्रीची छाती फुगलेली होती. अशा वेळी माणसाला अक्कल कुठली?

"पुरली," तो म्हणाला.

दुपारी चिटणीस आला. त्यानं मोजून चाळीस कार्डं घेतली आणि विचारलं, "सगळी तूच केलीस ना?"

"सगळी मीच," ती म्हणाली. मिस्त्री बाजूला उभा राहून मिशीत हसत होता. ही आपली दोघांची गंमत आहे, असं त्याला वाटत होतं.

पेट्या भरल्या. घराघरातून अंड्यांचे ट्रे आत गेले, तळाशी पाण्याची थाळी ठेवली, कारण उबेला दमटपणा लागतो, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटून मरतं. गाव पेट्यांभोवती डोळ्यांत तेल घालून बसलं. आठव्या दिवशी लेक घरोघर गेली आणि अंडी बल्बासमोर धरून पाहिली. आत लाल शिरांचं जाळं धरलं होतं. पलीकडच्या वहिनीनं तर तिला दारात अडवून चहा पाजला. दहाव्या दिवशी चिटणीसानं मागची खोली झाडून घेतली. मिस्त्री तिथे जाऊन खिडकी कुठल्या बाजूला उघडते ते बघून आला.

बाराव्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरचा शिंपी पळत आला. त्याची पेटी गार पडली होती.

लेकीनं कार्ड काढलं. रिलेच्या पायांभोवती हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखं काहीतरी होतं, आणि एक पट्टी मधूनच नाहीशी झाली होती, उंदरानं कुरतडावी तशी. तिनं नखानं खरवडलं, नाकाजवळ नेलं.

"पाणी उडालंय का यावर?"

"आमच्याकडून नाही बाई," शिंपी म्हणाला. "दोनशे अंडी आहेत. बघ ना हात लावून."

तिनं हात लावला. मिस्त्री तिच्यामागे उभा होता. ती हिरवी पूड त्यानं पूर्वी पाहिली होती. तांब्याच्या भांड्याला डाख लावून धुवायचं राहिलं की पावसाळ्यात अशीच पूड धरायची. भांडं जाड, त्याला काही व्हायचं नाही. ही पट्टी तर कागदासारखी.

तेराव्या दिवशी दोन गेल्या. त्यातल्या एकीत उलटंच झालं. रिले चिकटला, बल्ब विझेचनात, आणि अंडी आतल्या आत शिजली. त्या घरात शिरताना लेकीनं पदरानं नाक धरलं. मालकिणीनं ट्रे उचलून लेकीच्या पायाशी आणून ठेवला.

चौदाव्या दिवशी आणखी दोन. आता मिस्त्री सांगायचंच असं ठरवून निघाला. अजून नऊ पेट्या चालू होत्या. कार्डं काढून धुतली असती, तर नऊ घरं वाचली असती. हा हिशेब त्यानं वाटेत दहा वेळा केला. लेक एका घरी पेटीमागे जमिनीवर आडवी पडून तारा जोडत होती. केसांत भुसा, गालाला काजळी. घरातली माणसं भोवती उभी होती.

"बाबा, मला कळत नाहीये," ती त्याला खालूनच हळू आवाजात म्हणाली. "माझं काय चुकलं तेच कळत नाहीये. आठ वर्षांत असं कधी झालं नाही."

मिस्त्रीनं तोंड उघडलं. माणसं त्याच्याकडे बघत होती.

"हवाच दमट आहे," तो म्हणाला.

घरी येऊन त्यानं बरणीतलं पाणी मोरीत ओतलं आणि बरणी फोडली. त्यानं काय होणार होतं, त्याचं त्यालाच ठाऊक.

सोळाव्या दिवसापर्यंत आठ पेट्या गेल्या. सतराव्या दिवशी भर दुपारी केंद्राच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. धुकं नुकतं वर गेलं होतं, जमीन ओली होती. मेलेल्या अंड्यांच्या टोपल्या भिंतीशी रांगेनं ठेवल्या होत्या. मिस्त्रीची बायको हातातलं फडकं न सोडता ट्रे धुवायच्या नळापाशी उभी होती. मधल्या टेबलावर आठ बिघडलेली कार्डं मांडली होती.

चिटणीसानं एक कार्ड उचलून सगळ्यांना दाखवलं. "मी नवे रिले दिले होते. चाळीस. मोजून. हा नवा वाटतो कोणाला? पाय बघा याचे. दोन वर्षांचा गंज आहे."

"तो तुम्ही दिलेलाच आहे," लेक म्हणाली.

"बाकीची कार्डं कशी चालू आहेत मग?"

"तेच मला कळत नाही."

"मला कळतं ना. त्यांत नवे घातलेस, आणि यांत जुनेच ठेवलेस. उरलेले कुठे आहेत ते तू सांग."

अंगणात कुजबुज झाली. शिंपी मान खाली घालून म्हणाला, "पोरी, घेतले असशील तर सांगून टाक." त्याचा स्वर चांगला होता, त्यामुळे ते जास्त लागलं. केंद्रातली दोन माणसं सकाळीच दुकानात येऊन तिचे खण उपसून गेली होती. खिळे, वाती, जुने कपडे, सगळं जमिनीवर टाकून गेली होती. काही सापडलं नव्हतं, पण त्यामुळे ती निर्दोष ठरली नाही, फक्त हुशार ठरली.

"मी केलं," मिस्त्री म्हणाला.

पहिल्यांदा कोणी ऐकलंच नाही. तो पुढे आला.

"ती तापानं पडली होती. चौदा कार्डं मी केली. डाख धरत नव्हता म्हणून मी माझं तेजाब लावलं. ते आतून खातंय. रिले नवेच आहेत. पोरीचा काही दोष नाही."

मग चिटणीस हसला. वाईट नाही, समजुतीनं.

"मिस्त्री, बसा. आम्हीही लेकीबाळींवालेच आहोत."

"खरं सांगतोय मी!"

"तिनं स्वतः मला सांगितलं, सगळी मीच केली म्हणून. तुम्ही तिथेच उभे होता. हसत होता."

लेकीनं बापाकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावरचा गोंधळ गेला. तिथे राग आला असता तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं. पण ती फक्त भराभर काहीतरी जुळवत होती. बुरशी, वास, स्वच्छ टाके.

"तुम्ही म्हणालात राळ पुरली," ती म्हणाली.

"नव्हती धरत गं."

ती चिटणीसाकडे वळली. "बाबा खरं बोलताहेत. तेव्हा मी खोटं बोलले. सहा पेट्या अजून चालू आहेत, त्यांची कार्डं आत्ता काढायला हवीत. मला आत्ता जाऊ द्या."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललीस आणि आता खरं बोलतेस. बरंय."

"या हातांनी कार्ड केलं म्हणे!" मागून कोणीतरी म्हणालं. "मागच्या महिन्यात माझ्या डब्याचं झाकण बसवता आलं नाही त्यांना."

मिस्त्रीचं डोकं फिरलं. "आणा कार्ड," तो ओरडला. "आणा इथे. करून दाखवतो."

चिटणीसानं एक चांगलं कार्ड आणवलं. नको म्हणण्यापेक्षा हे सोपं होतं. लेकीनं आयर्न तापवून त्याच्या हातात दिला. त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "तीन मोजा, बाबा. फक्त तीन." मिस्त्री वाकला. आयर्नचं टोक त्याला दिसत होतं, रिलेचा पाय दिसत होता, पण मध्ये त्याचा स्वतःचा हात थरथरत होता. दुकानात एकट्यानं बसून तो हात कधी हलला नव्हता. टोक टेकलं, घसरलं, पुन्हा टेकलं. त्यानं एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि थेंब वितळेना म्हणून तो मोजायचा थांबला. लेक "बाबा" म्हणाली तोवर वास सुटला होता. त्यानं आयर्न उचलला तर तांब्याची पट्टी त्याच्याबरोबर वर आली, भाजल्या हाताची साल निघावी तशी.

कोणी हसलं नाही. लोक हसले असते तर त्यानं दोन शिव्या तरी दिल्या असत्या.

"पुरे, मिस्त्री," चिटणीस म्हणाला आणि त्यानं खरोखर त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बापाचं काळीज आहे. कोणी वाईट मानणार नाही." मग लेकीकडे न बघता म्हणाला, "कार्डं उद्यापासून शहरात जातील."

लेक तिथून निघाली ती तडक चालू पेट्यांच्या घरी. मिस्त्री धापा टाकत मागे. पहिल्या घरात दार लावून घेतलं. दुसऱ्या घरात मालक म्हणाला, हात लावू नकोस, एवढी कृपा कर. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या घरी तेच. शेवटचं घर पलीकडच्या वहिनीचं. वहिनी दारात उभी होती आणि तिच्यामागून पेटीचा टक असा आवाज आला.

"काकू, अर्धा तास द्या. कार्ड धुऊन लगेच बसवते. अंडी गार होणार नाहीत."

"चालू आहे ते चालू राहू दे, बाई."

"आतून सडतंय ते."

"कशाला घाबरवतेस?" वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुझ्यावर माझा काही राग नाही. पण तू जा आता."

परत येताना दोघं एका वाटेनं चालत होती, मध्ये चार हातांचं अंतर. मिस्त्री म्हणाला, "मला शिव्या तरी दे."

ती थांबली. "चौदाव्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"बाराव्या."

तिनं मान हलवली, एखादी तारीख लिहून घ्यावी तशी, आणि चालायला लागली. त्यानंतर ती घरात बोलली ते कामापुरतं. पाणी तापलंय का, दोरी कुठे आहे, गाडी किती वाजता सुटते. आयर्न, पिचकारी, वातीची गुंडाळी तिनं पिशवीत भरली. आईनं विचारलं, "कधी येशील?" तर म्हणाली, "तीन वर्षांनी." एकविसाव्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती गेली. निघताना बापाच्या पाया पडली नाही, पण त्याच्या गळ्याभोवतीचा मफलर नीट करून दिला. मिस्त्रीला ते झेपलं नाही. तो मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिला.

त्या चार दिवसांत सहांतल्या पाच पेट्या गेल्या होत्या. लोकांनी ते लेकीच्याच नावावर मांडलं.

आणि त्याच दिवशी दुपारी पलीकडची वहिनी धावत आली. पदरात काहीतरी होतं. तिनं ते मिस्त्रीच्या टेबलावर सोडलं. पिवळं, ओलसर, दोन पायांवर डुलणारं पिल्लू.

"एकशे ऐंशी निघाली, भाऊजी! दोनशेतली एकशे ऐंशी! म्हटलं तुम्हाला आधी दाखवावं." ती हसत होती, आणि त्या हसण्यात मायाच होती. "बघा, माझ्या पेटीतही तेजाबच होतं ना तुमचं? काही झालं का? उगाच स्वतःवर आळ घेतलात. पण आम्ही मनावर घेतलं नाही हं. बाप आहात, बोलणारच."

"वहिनी, ते कार्ड काढून टाका. पुढच्या खेपेला जाईल ते."

"अजून तेच!" वहिनी म्हणाली आणि दारात आलेल्या मिस्त्रीच्या बायकोकडे बघून तिनं नुसती मान हलवली. पिल्लू उचललं आणि गेली.

बायको दारातच उभी राहिली. आज केंद्रानं तिला दुपारीच घरी पाठवलं होतं, उद्या यायचं की नाही ते कळवू म्हणून. ती आत आली, रिकाम्या टेबलाशी बसली.

"तू तरी," मिस्त्री म्हणाला. "तुला तरी पटतंय ना? मीच लावलं होतं. या हातानं."

"अहो, पुरे करा," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, प्रेमळ होता. "पोरगी गेली. आता कोणासाठी खोटं बोलताय?"

खरं काय ते ठाऊक असलेल्या दुसऱ्या माणसाला एव्हाना गाडीत बसून सहा तास झाले होते.